रामेश्वरचा नसलेला शंख

बाबांना कोणी शंख-शिंपला दाखवला की ते आधी विचारायचे, "कुठे मिळाला?" नाव, रंग, आकार हे सगळं नंतर. बनारसच्या एका डिग्री कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. आम्ही दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचो. बैठकीच्या खोलीत इतरांकडे टीव्ही असतो त्या जागी आमच्याकडे एक काचेचं कपाट होतं. त्यात कवड्या, शंख, शिंपले आणि गोगलगाईंची रिकामी घरं मांडलेली असायची. प्रत्येकाखाली बाबांच्या अक्षरात ठिकाण लिहिलेलं असे: मालवण. तुतिकोरीन. रामनगर, पलीकडची वाळू. सारनाथ, विटांच्या ढिगाखाली. ठिकाण माहीत नसलेला शिंपला कितीही देखणा असला तरी बाबा तो कपाटात ठेवत नसत.

रविवारी बाबा आणि मी नावेने गंगेपलीकडे जायचो. पाणी ओसरलं की तिथल्या वाळूत लांबट, काळे शिंपले उघडे पडायचे, आतून मोत्यासारखे चकचकीत. घाटाच्या पायऱ्यांना चिकटून राहणारी हिरवट गोगलगाय त्या वाळूवर कधी दिसायची नाही, तिला दगडच लागायचा. मुठीएवढी गोल गोगलगाय तळ्यात असायची, धारेत नाही. पावसाळ्यात जुन्या चुन्याच्या भिंतींवर बारीक, टोकदार गोगलगाई चढायच्या; शंख वाढवायला त्यांना तो चुना हवा असतो, असं बाबा सांगायचे. रेल्वे कॉलनीतल्या बागांचा फडशा पाडणारी ती तपकिरी पट्ट्यांची दांडगी गोगलगाय मुळात आफ्रिकेची, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मी तेव्हा एम.एस्सी.ला होते, बाबांच्याच विषयात. हे सगळं मला पाठ होतं आणि त्यात भिण्यासारखं काही असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

आमच्या गल्लीच्या वळणावर पूजेच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदार चाळिशीचा, गोड बोलणारा. त्याची बायको संध्याकाळी आईकडे स्वेटरची वीण शिकायला यायची. नव्वदीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. त्या वर्षी दिवाळीनंतर दुकानात लाल मखमलीवर एक मोठा पांढरा शंख दिसू लागला. नेहमीचा शंख निमुळतं टोक वर करून धरला की त्याचं तोंड डावीकडे येतं. याचं उजवीकडे होतं. दक्षिणावर्ती. ज्याच्या घरी असा शंख, त्याच्या घरी लक्ष्मी, असं लोक मानतात, आणि खरा दक्षिणावर्ती शंख हजारो शंखांत एखादाच निघतो.

बाबा कॉलेजातून येताना थांबले. मी बरोबर होते.

"कहाँ से मिला?" त्यांनी विचारलं.

"कलकत्ते से आया है, मास्टर साहब. रामेश्वरम का माल है."

बाबांनी शंख हातात घेतला, तोलला, तोंडातून बोट आत घातलं आणि मग माझ्याकडे दिला. मीही बोट घातलं. आतला दांडा गुळगुळीत होता. आपल्या समुद्रातल्या शंखाच्या दांड्यावर तीन-चार ठळक वळ्या असतात. वळण डावं असो की उजवं, त्या असतातच. हा शंख वजनालाही हलका होता.

"हा आपल्याकडचा नाही," बाबा त्याला हिंदीत समजावून म्हणाले. "याची जातच वेगळी. हा अमेरिकेच्या किनाऱ्यावर सापडतो. तिकडे हे सगळेच उजव्या तोंडाचे असतात, त्यात दुर्मीळ असं काही नाही."

दुकानदार हसला. शंख परत मखमलीवर ठेवत तो म्हणाला, "ये बात दुकान में मत कहिए, मास्टर साहब."

बाबा घराकडे वळले. पुढच्या आठवड्यात मखमल रिकामी दिसली.

शंख भैयाजींनी घेतला, हे आम्हाला दुकानदाराच्या बायकोकडून कळलं. ती मोठ्या आनंदाने सांगायला आली होती. आईच्या हातातली सुई थांबली. भैयाजी म्हणजे कोण हे बनारसमध्ये कुणाला सांगावं लागत नसे. रेल्वेची ठेकेदारी, वाळूचे ट्रक, पलीकडे रामनगरजवळ मोठं घर, आणि मागेपुढे बंदूकवाले. त्यांचं खरं नाव आमच्या गल्लीत कुणी मोठ्याने घेत नसे.

"दुकानदाराला सांगितलंत ना तुम्ही, हा खोटा आहे म्हणून?" आईने रात्री जेवताना बाबांना विचारलं.

"सांगितलं होतं."

"तरी विकला?"

बाबा भात कालवत राहिले.

महिनाभर काहीच झालं नाही. मग बातमी आली की भैयाजींच्या धाकट्या भावावर कचहरीच्या, म्हणजे कोर्टाच्या, बाहेर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. पाठोपाठ एक मोठा ठेका दुसऱ्या टोळीकडे गेला. गल्लीतले लोक चहाच्या टपरीवर याबद्दल हळू आवाजात बोलायचे आणि दुकानदार जवळ आला की विषय बदलायचे. तो अजूनही हसून बोलायचा, पण दुकान लवकर बंद करू लागला होता.

डिसेंबरमध्ये एका दुपारी जिन्यावर बुटांचे आवाज झाले. आमच्या घरी सगळे चप्पल खाली काढून येत, म्हणून ते आवाज मला आधी कळलेच नाहीत. दार उघडलं तर समोर भैयाजी. अंगावर पांढरा कुर्ता, वर तपकिरी शाल, हसरा चेहरा. मागे जिन्याच्या वळणावर बंदूकवाला भिंतीला टेकून उभा होता. भैयाजींनी वाकून बाबांच्या पायांना हात लावला.

"गुरुजी, हमारा भतीजा आपसे पढ़ा है."

आईने चहा केला. ट्रे मी नेला. भैयाजी कपाटासमोर उभे होते. एकेका शंखावर बोट ठेवून ते विचारत होते, हा कुठे मिळतो, हा कुठे मिळतो. बाबा सांगत होते. मालवण. तुतिकोरीन. अंदमान. सारनाथच्या गोगलगाईपाशी भैयाजींनी जरा जास्त वेळ काढला. एवढीशी वस्तू, आणि हिचंही गाव ठरलेलं, असं काहीसं म्हणाले. आवाज अतिशय मऊ होता. मला वाटलं होतं ते दरडावून बोलतील, तसं काही नव्हतं आणि त्यामुळे जास्त भीती वाटत होती.

चहा संपवून ते म्हणाले, "हमारे पास भी एक है. आकर देख लीजिएगा. संक्रांत के बाद गाड़ी भेज देंगे."

बाबा म्हणाले, "मैं नाव से आ जाऊँगा."

"गाड़ी भेज देंगे," ते पुन्हा तसंच म्हणाले आणि उतरून गेले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी दुकानदाराची बायको आली. विणकाम आणलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ती आईचे हात धरून रडू लागली. "भाभी, मास्टर साहब से कहिए, बस रामेश्वरम का बोल दें. एक बार. उनका क्या जाएगा?"

ती गेल्यावर आईने बाबांना तेच मराठीत विचारलं. "एकदा खोटं बोललात तर काय बिघडणार आहे? तो काय रामेश्वरला जाऊन बघणार आहे?"

"तो कशाला जाईल? त्याने आधीच कुणाला तरी विचारलं असेल," बाबा म्हणाले. "कलकत्त्यात याची माहिती असलेली माणसं आहेत. त्याला शंखाबद्दल जाणून घ्यायचं नाही. कोण काय सांगतं, ते त्याला बघायचं आहे."

"आणि खरं सांगितलंत तर त्या माणसाचं काय होईल?"

बाबा उठले. शाल घेऊन ते खाली उतरले आणि दुकानात गेले. मी खिडकीतून बघत होते. दोघं बराच वेळ बोलत होते. परत आल्यावर बाबा म्हणाले, "मी त्याला म्हटलं, बायकोला घेऊन काही दिवस बाहेरगावी जा. मला विचारलं तर मी दुसरं काही सांगू शकणार नाही. तर म्हणतो, तुम्ही आमच्या गल्लीतले, असं करणार नाही याचा मला भरवसा आहे."

संक्रांत होऊन गेली. तिळगूळ वाटताना आईने त्या दुकानाकडे बघितलंही नाही. मग एका सकाळी निरोप आला की मैदागिनच्या चौकात गाडी उभी आहे. गल्लीत गाडी येत नाही, तिथपर्यंत चालतच जावं लागतं. आईने मला बरोबर पाठवलं. बाबांच्या डोळ्याला मोतीबिंदू होता, हे सांगण्यापुरतं कारण. मला ती आत नेऊन म्हणाली, "मुलीसमोर ते काही करणार नाहीत. तू बाबांच्या जवळून हलू नकोस." बाबांनी कपाटातला आपला तुतिकोरीनचा शंख माझ्या पिशवीत ठेवला.

धुकं इतकं होतं की जीपच्या बॉनेटपुढचं काही दिसत नव्हतं. विद्यापीठाकडचा लंका मोहल्ला ओलांडून सामनेघाटाला आलो. तिथे हिवाळ्यात लोखंडी पिप्यांवर फळ्या टाकून पूल बांधतात. जीप पुलावर चढली तशी खाली फळ्या खडखडू लागल्या. नदी दिसत नव्हती, तिचा फक्त गार वास येत होता. ड्रायव्हरशेजारी बसलेला माणूस मधूनमधून मागे वळून आमच्याकडे बघायचा आणि पुन्हा पुढे बघायचा. बाबांनी माझा हात धरला होता. मी लहान होते त्यानंतर पहिल्यांदाच.

घर मोठं होतं. अंगणात शेकोटीभोवती पाचसहा माणसं शाली पांघरून बसली होती. आम्ही आत आलो तशी ती उठली. ओसरीवर एका खाटेवर भाऊ पडलेला होता, पायांवर जाड रजई, डोळे आमच्यावर. त्याच्या शेजारी चौरंगावर लाल कापड आणि त्यावर तो शंख. कुंकू लावलेला, पूजा केलेला.

भैयाजींनी बाबांना खुर्ची दिली. मी मागे उभी राहिले. बाबांनी शंख उचलला. आता त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ते बराच वेळ तो फिरवत राहिले. शेवटी तोंडातून बोट आत घातलं. अंगणात शेकोटीतली लाकडं तडतडत होती.

"कहाँ मिलता है ये, गुरुजी?"

"अमेरिका के समुंदर में," बाबा म्हणाले.

"रामेश्वरम में नहीं?"

"नहीं."

खाटेवरच्या भावाने तोंड भिंतीकडे वळवलं.

बाबांनी माझ्याकडे हात केला. मी पिशवीतून आमचा शंख काढून दिला. त्यांनी भैयाजींना दोन्ही शंखांत बोट घालून बघायला सांगितलं. भैयाजींनी एकात घातलं, मग दुसऱ्यात. त्यांच्या बोटात पुष्कराजाची अंगठी होती, ती शंखाच्या कडेला लागून किणकिणली. मग बाबा भराभर बोलायला लागले. या शहरात हा फरक ओळखणारी माणसं अगदी थोडी आहेत, भलेभले फसतात, फसवणारे दूर कलकत्त्याच्या बंदरात बसले आहेत, विकणाऱ्यालाही पुष्कळदा काही कळत नाही. बाबांना इतकं भराभर बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. वर्गातही ते सावकाश बोलत.

"विकणाऱ्याला माहीत नव्हतं?" भैयाजींनी हिंदीत विचारलं.

बाबा थांबले. मला त्यांचा फक्त मानेचा भाग दिसत होता, शालीच्या वरचा.

"मैं उनकी ओर से हाथ जोड़ता हूँ," ते म्हणाले. "उन्हें कुछ मत कीजिए."

भैयाजी हसले. त्यांनी आमचा शंख पुसून माझ्या हातात परत दिला. "दो आदमी बुलाए थे आपसे पहले," ते म्हणाले. "दोनों पढ़े-लिखे. दोनों ने कहा रामेश्वरम." अंगणातल्या माणसांकडे बघून ते म्हणाले, "देख लो. एक ही आदमी निकला." मग पुन्हा बाबांकडे वळून, तितक्याच मऊ आवाजात, "चाय पीजिए, गुरुजी."

आम्ही चहा प्यायलो. त्यात खूप साखर होती. परत येताना जीपमध्ये समोर गुळाची भेली आणि बटाट्याचं पोतं ठेवलं होतं. बाबा नको म्हणाले तर तो माणूस म्हणाला, "भैया का हुकुम है."

गल्लीच्या वळणावर आलो तेव्हा दुकानाचं शटर खाली होतं. दुपार झाली होती आणि ते कधीच इतका वेळ बंद नसे. शेजारच्या पानवाल्याला बाबांनी विचारलं. तो पानांवर पाणी शिंपडत राहिला, वर न बघता म्हणाला, सकाळपासून बंद आहे. सकाळपासून म्हणजे आम्ही निघालो त्याच्या आधीपासून की नंतर, हे बाबांनी पुन्हा पुन्हा विचारलं. त्याला आठवत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला एकाच रंगाचे आठवतात. धुकं उठायचं नाही. दुकान उघडायचं नाही. बाबा कॉलेजला जाताना आणि येताना शटरपाशी थांबायचे, कुलूप बघायचे. एकदा पोलीस चौकीवर गेले. तिथला मुन्शी म्हणाला, घरच्यांनी तक्रार दिली आहे का? नाही? मग तुम्ही कशाला काळजी करता, मास्टर साहब, आणि तुम्हाला काळजीचं कारणच काय, तुमचं तर चांगलं चाललं आहे. म्हणजे चौकीपर्यंत बातमी पोचली होती.

गल्लीतही पोचली होती. भैयाजींची जीप मैदागिनला यायची आणि माणसं टोपल्या घेऊन आमच्या जिन्याने चढायची. कधी हिरवे वाटाणे, कधी पेरू, होळीच्या आधी गुजिया, म्हणजे खव्याच्या करंज्या. आई त्या तशाच घाटावर वाटायला न्यायची. पण कुणी घ्यायला पुढे येईना. ज्या घरांत आमचं रोजचं जाणं-येणं होतं तिथे आता आम्हाला फार आदराने खुर्ची दिली जायची आणि आतल्या खोलीतलं बोलणं बंद व्हायचं. मास्टर साहबांनी दुकानदाराला भैयाजींच्या हवाली केलं, असं लोकांना वाटत होतं. असं कुणी तोंडावर म्हणालं नाही. म्हणालं असतं तर बाबांना उत्तर तरी देता आलं असतं.

एकदा कॉलेजात एका मुलाने बाबांच्या वर्गात दांडगाई केली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा डोक्याला पट्टी बांधून आला आणि सगळ्यांसमोर बाबांच्या पाया पडला. बाबांनी कुणाकडे तक्रार केली नव्हती. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

"मी खोटं बोललो असतो तर त्यांनी मला काहीतरी केलं असतं," ते आईला म्हणाले. "ते बरं झालं असतं, असं आता वाटतं."

"असं बोलू नका," आई म्हणाली. पण तिचा आवाज ठाम नव्हता.

वसंत पंचमी, शिवरात्र, होळी झाली. उन्हं तापू लागली तेव्हा एका सकाळी शटरचा आवाज आला. मी धावत खिडकीत गेले. दुकानदाराची बायको एकटीच आत सामान बांधत होती. तिच्यासोबत तिचा भाऊ होता, तो बाहेर हातगाडीपाशी उभा. आई तशीच खाली उतरली. मी मागोमाग.

"जिंदा हैं," ती आईला बघताच म्हणाली. आम्ही काही विचारायच्या आधीच.

ते मिर्झापूरला तिच्या माहेरी होते. आम्ही रामनगरला गेलो त्या पहाटेच त्याला कुणीतरी उठवून नेलं होतं. आमची जीप पुलावर होती तेव्हा तो कुठल्यातरी वीटभट्टीत बसवलेला होता. संध्याकाळी सोडला. उजवा हात कोपरापासून मोडला होता आणि नीट बसला नाही. ती हे सगळं अगरबत्तीचे पुडे खोक्यात रचत सांगत होती.

आईने विचारलं, "हे पोचायच्या आधीच नेलं होतं?"

"हाँ. उनको तो पहले से मालूम था." मग ती थांबली. "मास्टर साहब जो भी कहते, इनके साथ यही होता. उनसे कह दीजिएगा." आणि आईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला तेव्हा ती एक पाऊल मागे सरली. "आप अब जाइए, भाभी. लोग देख रहे हैं."

आईने वर येऊन बाबांना शब्दन् शब्द सांगितलं. तिला वाटलं होतं त्यांचा जीव हलका होईल. बाबा खुर्चीत बसून ऐकत राहिले. "म्हणजे आम्ही चहा पीत होतो तेव्हा तो भट्टीत होता," एवढंच म्हणाले.

त्या उन्हाळ्यात बाबांनी वेळेआधी निवृत्ती घेतली. आईचं माहेर नागपूरला, तिकडे जायचं ठरलं. पिढ्यान् पिढ्या काशीत राहिलेल्या आमच्या घराण्यातले आम्ही पहिले सोडून जाणारे. आम्ही कुणाला तारीख सांगितली नव्हती, तरी निघायच्या सकाळी जिन्यावर बुटांचे आवाज आले. सामान उचलायला माणसं, मैदागिनला जीप. हमाल बाहेरच्या बाहेर परत पाठवले गेले होते. त्या माणसांनी आमच्या ट्रंका इतक्या अदबीने उचलल्या की काही बोलताच येईना. गल्लीतले दरवाजे अर्धे उघडे होते. नमस्कार करायला कुणी बाहेर आलं नाही. स्टेशनवर ड्रायव्हरने बाबांच्या पायांना हात लावला आणि नागपूरचा पत्ता मागितला. बाबांनी मामाच्या गल्लीच्या दोन गल्ल्या पुढचा पत्ता सांगितला. मी त्यांना पहिल्यांदाच खोटं सांगताना ऐकलं.

नागपूरला दारासमोर जीप थांबली की आई हातातलं काम टाकून खिडकीशी जायची. कित्येक वर्षं जायची. दशक संपता संपता कधीतरी बातमी आली की भैयाजींना त्यांच्याच माणसाने गोळी घातली. बाबांनी हिंदी वर्तमानपत्रातली ती बातमी चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून वाचली. मी विचारलं, "बरं वाटलं का?"

"त्याने मला कधी वाईट वागणूक दिली नाही," बाबा म्हणाले. "तेच मला सहन झालं नाही."

मग ते पिशवी घेऊन भाजी आणायला गेले.